रस्त्यात उभं राहणं हा गुन्हा आहे का?

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. कोर्टातून घरी येऊन मी नुकताच चहा घेत बसलो होतो, तर आमच्या परतूरमधली सात-आठ मंडळी एकदमच दारात आली. एक निवृत्त मुख्याध्यापक, दोन किराणा दुकानदार, एक रिक्षावाले, गल्लीतले दोन-तीन तरुण आणि सगळ्यांच्या मागे शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एक ताई. गुरुजींच्या हातात एक कागद होता. रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा रात्री पार अंधारात असतो, तिथे पोरं घोळक्यानं उभी राहतात, गांजाच्या पुड्या आणि नशेच्या गोळ्या हातोहात जातात, असं त्यात लिहिलं होतं. शेवटी मागणी होती : 'तरी सदर रस्त्यावर रात्री आठनंतर विनाकारण उभे राहण्यास बंदी करावी व जो कोणी उभा दिसेल त्यास अटक करावी.'

"वकीलसाहेब, एवढं कायद्याच्या भाषेत बसवून द्या. खाली आम्ही शंभर सह्या घेतो," गुरुजी म्हणाले.

"कलम कोणतं लावायचं, गुरुजी?"

"ते तुम्ही शोधायचं. नसेल तर नवीन कायदा करा म्हणावं सरकारला."

ताई तोवर गप्प होत्या. निघताना उंबऱ्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, काहीही करा, पण त्या जागी कुणाला उभंच राहू देऊ नका." त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत पुस्तकं उघडून मी जे पाहिलं आणि त्यावरून माझं जे मत झालं, ते आज तुम्हाला सांगणार आहे. कारण हा प्रश्न एकट्या परतूरचा नाही. जिथे जिथे अंधारा कोपरा आहे आणि तरुण पोरं आहेत, तिथे तिथे आईबापांच्या मनात हाच विचार येतो.

पुस्तकं उघडण्याआधी मी त्या रात्री जेवण करून त्या रस्त्यावर जाऊन आलो. अर्धा-पाऊण तास होतो. कोण कोण उभं होतं? मुंबईहून येणाऱ्या मुलाची वाट बघणारे एक वडील. सवारी मिळेल म्हणून थांबलेले दोन रिक्षावाले. जिनिंगवरून सुटलेले तीन मजूर, बिडी ओढत. घरात टीव्ही मोठ्यानं चालू असतो म्हणून बाहेर येऊन मोबाइलवर बोलणारा एक कॉलेजचा मुलगा. आणि भिंतीच्या कडेला चार पोरं, ज्यांच्याबद्दल मलाही शंका आली. पण ती शंकाच. मी स्वतःही त्या रस्त्यावर विनाकारण उभा होतो! 'जो कोणी उभा दिसेल त्यास अटक करावी' ही मागणी मान्य झाली असती, तर त्या रात्री अकरा-बारा माणसं आत गेली असती आणि त्यांत अर्जाचा मसुदा करणारा वकीलही असता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अमली पदार्थांसाठी आपल्याकडे १९८५ सालचा कायदा आहे. वर्तमानपत्रांत त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. बाळगणं, विकणं, विकत घेणं, वाहून नेणं, पिकवणं आणि सेवन करणं, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ते 'अल्प प्रमाण', त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा जास्त असेल तर ते 'व्यापारी प्रमाण', त्याला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं सक्तमजुरी आणि वर लाखाचा दंड. हेरॉइन, म्हणजे ज्याच्या गावठी प्रकाराला आपण ब्राऊन शुगर किंवा गर्द म्हणतो, त्याचं अल्प प्रमाण अवघं पाच ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण अडीचशे ग्रॅम आहे.

या संपूर्ण कायद्यात 'उभं राहणं' हा गुन्हा कुठेही नाही. मग पोलिसांचे हात बांधलेले आहेत का? मुळीच नाही. त्याच कायद्याचं ४३ वं कलम बघा. सार्वजनिक जागी, मग ती रस्ता असो, दुकान असो, हॉटेल असो की बस असो, एखाद्यानं या कायद्याखालचा गुन्हा केला आहे असं मानायला अधिकाऱ्याकडे सबळ कारण असेल, तर तो वॉरंटशिवाय त्याला थांबवून झडती घेऊ शकतो. त्याच्याकडे बेकायदा माल सापडला तर त्याला आणि त्याच्या सोबत असलेल्यालाही अटक करू शकतो. दिवस असो की रात्र. फक्त हा अधिकारी शिपायाच्या वरच्या दर्जाचा आणि शासनानं अधिकार दिलेला असावा लागतो. आणि अंगझडती घ्यायची तर, 'राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्या असं म्हणण्याचा तुला हक्क आहे,' हे त्या माणसाला आधी सांगावं लागतं. हे कलम ५०. ते काटेकोर पाळलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१० साली सांगितलं आहे. म्हणजे रस्त्यावर कारवाई करायला लागणारा अधिकार कायद्यानं आधीच दिलेला आहे. अट एकच : शंकेला काहीतरी आधार हवा. नुसतं उभं असणं हा आधार होत नाही.

"पण मग जुगाराच्या अड्ड्यावर नुसता बसलेला माणूससुद्धा पकडतात, ते कसं?" असा प्रश्न तुमच्या मनात येईल. बरोबर आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. जुगार चालू असताना अड्ड्यात जो सापडेल तो जुगारासाठीच आला होता, असं त्या कायद्यात गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे त्यानं सिद्ध करायचं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात दारूच्या गुत्त्याबद्दल असंच गृहीतक आहे. पण यात एक मोठा फरक आहे. अड्डा ही चार भिंतींची, एकाच कामासाठी चालवलेली जागा. तिथे माणूस चुकून जात नाही. रस्ता हा सगळ्यांचा. तिथे दूधवाला येतो, देवदर्शनाला जाणारा येतो, गाडी चुकलेला येतो. अड्ड्याचं गृहीतक रस्त्याला लावलं की सगळा गाव संशयित होतो.

तरी रस्त्यावर असण्याबद्दलचं एक कलम आपल्याकडे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, जो पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जाई, तो १९५१ सालचा. त्या साली आपलं परतूर हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होतं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि पुढे हा कायदा इकडेही लागू झाला. त्याचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेसाठी आहे. गुन्ह्याच्या इराद्यानं हत्यार घेऊन फिरणारा, गुन्ह्याच्या इराद्यानं तोंड झाकलेला, घरफोडीची अवजारं बाळगणारा, हे सगळे त्यात येतात. आणि आणखी एक जण येतो : जो 'चोर म्हणून माहीत असलेला' आहे, रस्त्यात रेंगाळतो आहे आणि त्याबद्दल समाधानकारक खुलासा देऊ शकत नाही. 'स्वतःचे अस्तित्व लपवून संशयास्पदरीत्या मिळून आला' हे फिर्यादीतलं ठरलेलं वाक्य वर्तमानपत्रात तुम्ही वाचलं असेल. ते याच प्रकारच्या कलमांतून येतं.

'चोर म्हणून माहीत असलेला आणि रेंगाळणारा' हे शब्द आपले नाहीत. ते इंग्लंडच्या १८२४ सालच्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्यातून आले. नेपोलियनशी झालेली युद्धं संपल्यावर कामावरून काढलेले सैनिक आणि बेकार माणसं रस्त्यांवर आली, त्यांना आवरायला तो कायदा केला होता. दीडशे वर्षांनी लंडनचे पोलीस त्याच शब्दांच्या आधारे काळ्या तरुणांना रस्त्यात धरू लागले. लोक त्याला 'सस' म्हणत, म्हणजे संशयाचा कायदा. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगली झाल्या. त्यामागच्या रागात या कायद्याचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेनं ती तरतूद रद्द केली.

आपल्याकडे या विचाराचा सर्वांत जास्त मार कुणी खाल्ला, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, असा तो न्याय. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, दुसऱ्या जागी दिसलं की तुरुंग. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण पारध्याचा किंवा कैकाड्याचा पोरगा रात्री गावाच्या कडेला दिसला तर 'हा इथं का?' हा प्रश्न काही कायद्याबरोबर रद्द झाला नाही. 'विनाकारण उभा' हा शब्द लिहून ठेवला की त्याचा अर्थ कुणावर लावला जाईल, हे आपल्याला आधीच माहीत असतं. तो दुकानदाराच्या मुलावर लावला जात नाही.

जुन्या, १८९८ सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर आणखी एक गंमत होती. ज्याच्याकडे उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नाही किंवा जो स्वतःबद्दल समाधानकारक खुलासा देऊ शकत नाही, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेता येत असे. म्हणजे खिसा रिकामा असणं हीच शंका. १९७३ साली नवी संहिता झाली तेव्हा हा भाग वगळला गेला.

'समाधानकारक खुलासा' या शब्दांची चव मी स्वतः घेतली आहे. मी कायद्याचा विद्यार्थी असतानाची गोष्ट. एका मोठ्या शहरात रात्री दोन वाजता उतरलो. गावाकडची पहिली एसटी पहाटे पाचला. स्टँडच्या बाहेर कट्ट्यावर पिशवी घेऊन बसलो. गस्तीवरच्या एकानं विचारलं, इथे काय करतोस? म्हटलं, गाडीची वाट बघतोय. कुठली? परतूरची. परतूर कुठं आलं? मी सांगितलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. सकाळी सहापर्यंत चौकीतल्या बाकावर बसून होतो. कुठे नोंद नाही, कागद नाही, काही नाही. सकाळी 'जा' म्हणाले, गेलो. कुणी मारलं नाही की शिवी दिली नाही. तरीही मी ही गोष्ट वडिलांना कधी सांगितली नाही. मी काय चुकलो होतो ते मला सांगता आलं नसतं, आणि काहीच चुकलो नव्हतो यावर त्यांचा विश्वास बसला असता की नाही, याची मला खात्री नव्हती.

आता न्यायालयं याकडे कसं बघतात, त्याचं अलीकडचं उदाहरण. जून २०२२ मध्ये मुंबईत एका तरुणाला रात्री दीडच्या सुमारास रस्त्यावरून पकडलं. आरोप असा की रुमालानं तोंड झाकून तो गुन्ह्याच्या इराद्यानं बसला होता. कलम तेच, १२२. गिरगावच्या न्यायालयानं त्याला सोडलं. न्यायदंडाधिकाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मुंबईसारख्या शहरात दीड वाजणं म्हणजे फार उशीर नव्हे, आणि तो उशीर मानला तरी संचारबंदी नसताना रस्त्यावर उभं राहणं हा गुन्हा होत नाही. कोरोनाचे दिवस होते. रुमाल मास्क म्हणूनही बांधलेला असू शकतो. इरादा सिद्ध करा, नुसती वेळ आणि रुमाल दाखवू नका.

तुम्ही म्हणाल, जगात कुठे तरी असा कायदा असेलच की. आहे. अमेरिकेत नेमका हाच प्रयोग झाला आहे. १९८० नंतर तिथल्या शहरांत कोकेनचा सुळसुळाट झाला तेव्हा अमली पदार्थांच्या इराद्यानं रस्त्यावर रेंगाळण्याविरुद्ध कायदे झाले. सिएटल शहरानं १९९० साली केला, कॅलिफोर्निया राज्यानं १९९५ साली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात इराद्याच्या खुणाही दिल्या आहेत : टेहळणी करणं, लपवत वस्तू देऊन पैसे घेणं, जाणाऱ्या-येणाऱ्यांना पुनःपुन्हा खुणावणं, अशा. शिवाय इरादा सिद्ध करावाच लागतो.

शिकागो शहरानं १९९२ साली याहून सोपा मार्ग काढला. टोळीतला वाटणारा माणूस कुणाबरोबर 'उघड हेतूशिवाय' एका जागी थांबलेला दिसला, तर पोलिसांनी सगळ्यांना हटायला सांगायचं. न हटल्यास अटक. तीन वर्षांत ८९ हजारांहून अधिक वेळा असे हुकूम दिले गेले आणि ४२ हजारांहून अधिक माणसं पकडली गेली. १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला. एक साधं उदाहरण निकालात आहे. टोळीतला एखादा मुलगा आणि त्याचा बाप बेसबॉलच्या मैदानाबाहेर उभे आहेत. ते कुणाला लुटायला उभे आहेत की आवडता खेळाडू बाहेर पडताना दिसावा म्हणून, याच्याशी या कायद्याला कर्तव्यच नाही. दोघांनाही तोच हुकूम. काय केलं म्हणजे गुन्हा होतो हे सामान्य माणसाला आधी कळत नाही आणि ठरवणं सगळं पोलिसाच्या मर्जीवर राहतं, म्हणून तो कायदा टिकला नाही. सिएटलनंही आपला कायदा २०२० साली स्वतःहून मागे घेतला. त्याचा मार काळ्या लोकांवर जास्त पडत होता, हे तिथल्या नगर परिषदेनं मान्य केलं.

इथे पोलिसांची बाजूही नीट मांडली पाहिजे. गुन्हा होईपर्यंत हात जोडून बसा, असं कायदा त्यांना सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १२८ खाली, दखलपात्र गुन्हा करण्यासाठी जो आपलं अस्तित्व लपवतो आहे असं मानायला कारण आहे, त्याला कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तालुक्याला बहुधा तहसीलदार, बोलावून एक वर्षापर्यंतचं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊ शकतात. सराईत गुन्हेगारासाठी कलम १२९, तीन वर्षांपर्यंत. यालाच आपण चॅप्टर केस म्हणतो. प्रतिबंधक कामात पोलिसांनी दिलेला कायदेशीर आदेश न मानणाऱ्याला तिथून हटवण्याचा किंवा थोडा वेळ ताब्यात ठेवण्याचा अधिकार कलम १७२ मध्ये नव्यानं आला आहे. पण 'कायदेशीर आदेश' हे शब्द तिथे आहेत, ते विसरायचे नाहीत.

त्याहून कडक उपाय म्हणजे तडीपारी, दोन वर्षांपर्यंत. त्याबद्दल तर आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केलेल्या एका माणसाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयानं तो आदेश रद्द केला. देशात कुठेही फिरण्याचा हक्क राज्यघटनेनं दिला आहे, तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो क्वचित आणि विचारपूर्वक वापरायचा, आणि दोन वर्षांची कमाल मुदत का लागते याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत, असं न्यायालयानं सांगितलं. सराईत गुन्हेगाराच्या कलमाबद्दल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीही १९८० साली बजावलं होतं की गोरगरिबांना उचलण्यासाठी ते वापरू नका, ठोस पुरावा पाहा.

दोन दिवसांनी मंडळी परत आली. हे सगळं मी त्यांना सांगितलं. गुरुजींचं समाधान झालं नाही. "म्हणजे आम्ही नुसतं बघत बसायचं?" ते म्हणाले.

मी विचारलं, "गुरुजी, माल कोण देतो? तो तिथे उभा असतो का?"

उत्तर रिक्षावाल्यांनी दिलं. "छे हो. तो मोटारसायकलवर येतो. गाडी बंदसुद्धा करत नाही. हातात दिलं की दोन मिनिटांत गेला."

त्यावर ताई पहिल्यांदा मोकळं बोलल्या. "माझा पोरगाच तिथं उभा राहायचा, साहेब. दोन वर्षं झाली. मी तो अर्ज त्याच्यासाठीच करायला लावला. म्हणलं, जागाच बंद झाली तर हा घरी बसंल. तुमच्या त्या बंदीत आधी कोण सापडला असता?"

"तुमचा मुलगा, ताई."

"आणि तो गाडीवाला?"

मी काही बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती. विकणारा उभा राहत नाही. उभा राहतो तो घेणारा, नाहीतर काहीच न घेणारा.

मग आम्ही अर्ज नव्यानं लिहिला. 'उभे राहण्यास बंदी करावी' हे वाक्य खोडलं आणि त्याऐवजी पाच गोष्टी लिहिल्या. त्या तुमच्याही उपयोगाच्या आहेत, म्हणून सांगतो.

पहिली, उजेड. रस्त्यावरचे दिवे नगर परिषदेनं लावावेत, असा वेगळा अर्ज, खांबांच्या जागा दाखवून.

दुसरी, नेमकी माहिती. 'पोरं उभी असतात' याला पुरावा म्हणत नाहीत. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या दिशेनं, कोणत्या रंगाची आणि क्रमांकाची गाडी येते, ही माहिती म्हणजे पोलिसांच्या 'सबळ कारणा'ची सुरुवात असते. माहिती कुणी दिली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. एनडीपीएस कायद्याचं कलम ६८ हे संरक्षण देतं. २०२४ पासून 'मानस' या नावाची १९३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. मात्र कुणावर सूड उगवायला जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर त्याच कायद्याच्या ५८ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विनाकारण त्रास देण्यासाठी झडती किंवा अटक करणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याच कलमात शिक्षा आहे.

तिसरी, गोळ्या. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, औषधांच्या 'एच-१' या यादीत आहेत. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदारानं डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. तेव्हा गोळ्या कुठून येतात हे शोधायची विनंती अन्न व औषध प्रशासनाला करायची.

चौथी, लहान मुलं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ आणि ७८ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला नशेचे पदार्थ देणं किंवा त्याला ते विकायला, पोचवायला लावणं, यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मूल त्यात आरोपी म्हणून न जाता आधी बळी म्हणून पाहिलं जावं, असा त्याचा हेतू आहे.

पाचवी गोष्ट ताईंसाठी होती. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल आणि ते पूर्ण करेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. हे कलम फार थोड्या घरांना माहीत आहे. पोरगा पकडला जाईल या भीतीनं आईबाप त्याला लपवतात आणि लपवण्यात वर्षं जातात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा गर्दची साथ नवी होती. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार असतो, हे तेव्हापासून मराठी घरांना हळूहळू पटू लागलं. व्यसनमुक्तीच्या चौकशीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे नसतील तर वकिलाची मदत तालुका विधी सेवा समितीकडे मागता येते.

त्या अर्जावर शंभर नाही, बासष्ट सह्या झाल्या. काहींना आमचा अर्ज मवाळ वाटला, म्हणून त्यांनी सही केली नाही. ताईंची सही मात्र पहिली होती. दिवे लागायला अडीच महिने आणि तीन स्मरणपत्रं लागली. मोटारसायकलवाल्याची माहिती ज्यांच्याकडे द्यायची त्यांच्याकडे दिली. त्या तपासाबद्दल मी इथे बोलणं योग्य नाही. ताईंचा मुलगा उपचारांसाठी गेला, मधे एकदा पळून आला, परत गेला. आता तो घरी आहे आणि आईला कापड कापायला मदत करतो. पुढचं आज कुणीच सांगू शकत नाही, ताईसुद्धा नाही.

परवा पाहुण्यांना आणायला रात्री स्टेशनवर गेलो होतो. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा. त्या रस्त्यावर दिव्याखाली पंधरा-वीस माणसं उभी होती आणि त्यात तो मुलगाही होता, मामाची वाट बघत. त्यानं मला नमस्कार केला. तो तिथे का उभा आहे, हे मी त्याला विचारलं नाही.